खालचं चित्र, वरचं चित्र

...तर मोळीपर्यंत आलो होतो आपण काल. खालच्या काचेत इसहाक डोंगर चढतोय, पाठीवर लाकडांची मोळी, आणि पोराला पत्ता नाही की बाप त्याचाच बळी द्यायला निघालाय, मोळी त्याच्यासाठीच बांधलीय. त्याच खिडकीत वरच्या काचेत ख्रिस्त क्रूस वाहतोय. त्या चर्चमध्ये परांची मीच बांधायचो, म्हणून काचेला नाक लावून पाहिलंय: मोळीतली दोन लांब लाकडं आणि वरचा क्रूस एकाच कागदी साच्यावरून कापलेली. काचेच्या मास्तरांच्या घराण्याची रीतच ती. खाली बायबलच्या जुन्या करारातली गोष्ट, वर नव्यातली, आणि खालची एक तरी रेघ वर जशीच्या तशी उचलायची. "खालचं चित्र म्हणजे वरच्याची चाहूल," मास्तर म्हणायचे. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी छडी मोडेपर्यंत शिकवलं, पण इतकं सोपं करून काही सांगितलं नाही.

आज मास्तरांच्या मुलीचं सांगतो. तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरली म्हणजे तिची आत्या. दोघींचं काम एकच, काच रंगवायची आणि भट्टी सांभाळायची.

आता भट्टीची गंमत अशी की काच नुसती भाजून भागत नाही, ती हळूहळू निववावी लागते. वाऱ्याची एक झुळूक लागली की तडकलीच. मास्तरांच्या भट्टीला तीन दिवस लागायचे. तेवढे दिवस घरातलं एक माणूस भट्टीच्या खोलीत बसून झडपा बोट बोट सरकवणार, आणि चुकून कुणी दार उघडू नये म्हणून बाहेरून कडी. जेवण भिंतीतल्या झरोक्यातून. थोरली अशी चाळीस वर्षं बसली. शेवटच्या खेपेला कडी काढली तेव्हा ती बाकावर आडवी होती, केव्हाच गेलेली. मी आणि मास्तरांनी उचलून तिला बाहेर आणलं.

पुढच्या महिन्यात त्याच बाकावर धाकटी. वय एकोणीस. मास्तर कौतुकानं सांगत सुटले, "थोरली खालचं चित्र, ही वरचं." दूधवाल्यापासून पाद्रीसाहेबांपर्यंत सगळ्यांना ते आवडलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? तिला मात्र कुणी विचारलं नाही.

सतरा वर्षं गेली. एका बुधवारी धाकटीला दूरच्या शहरातल्या काचकामाच्या शाळेचं पत्र आलं. शिकवायला या, सोमवारी हजर व्हा. तिथं पोचवणारी बस आठवड्यातून एकदाच, शनिवारी दुपारी. मास्तरांनी पत्र डोळ्यांशी धरून वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "योनाची खिडकी तेवढी होऊ दे." अशी बोलावणी आधीही दोनदा आली होती. एकदा मोळीची खिडकी आडवी आली, एकदा पितळी सापाची.

गुरुवारी सकाळी काचा भाजून झाल्या, धाकटी आत गेली आणि बाहेरून कडी पडली. या खिडकीत खाली योना, माशाच्या पोटात तीन दिवस. वर ख्रिस्ताचं थडगं, तिथंही तितकेच दिवस. मास्तरांची नजर अधू झाल्यापासून नमुना ते तोंडी सांगत, रेघ तिची.

शुक्रवारी डबा घेऊन मी झरोक्याशी गेलो. आतून असली धग आली की माझ्या मिशा करपतील असं वाटलं.

"काय काका, बाहेर काय म्हणतंय?"

"ऊन आहे कडक."

"मग मी काही गमावत नाहीये."

मी हसलो. ती हसली नाही. झडप बोटभर सरकवून ती बाकावर बसली.

"या बाकाला आत्याच्या बसण्यानं खळगा पडलाय," ती म्हणाली. "आधी मला तो टोचायचा. काल लक्षात आलं, आता मी त्यात बरोबर मावते."

मी डबा आत सरकवला. "मास्तर उत्तर लिहिणार आहेत," मी सांगून टाकलं. "जमणार नाही म्हणून."

"माहीत आहे."

"अगं, मग कडी काढू का? कुणी बघत नाही."

"काच तडकेल."

"तडकू दे की."

"माझी काच आहे, काका. ती फोडून जायचं असतं तर पहिल्याच वर्षी गेले असते. तुम्ही उद्या वेळेवर या फक्त. आणि माझ्या चपला आणा."

चपला कशाला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. आणल्या आणि झरोक्यातून सरकवल्या.

शनिवारी बसला पाऊण तास असताना मास्तरांनी कडी काढली. काचा निवल्या होत्या, एकीलाही चरा नाही. मास्तरांनी खालची काच उन्हात डोळ्यांजवळ धरली. माशाचा जबडा सताड उघडा आणि योना अर्धा बाहेर.

"पोटातला सांगितला होता मी," ते पुटपुटले.

मग वरची धरली. थडग्याचं तोंड अगदी त्याच जबड्याच्या साच्यावरचं. धोंड बाजूला लोटलेली. मास्तर काच वर करून, खाली करून, कितीतरी वेळ बघत राहिले.

"आत कुणीच नाही. माणूस रंगवायचा विसरलीस?"

ती चपला घालून उभी होती. अंगावर राख, डोळे लाल.

"थोरली असं कधी विसरली नसती," मास्तर म्हणाले. ते दारातच उभे होते, खिशावर हात ठेवून. "आता पुन्हा रंगवा, पुन्हा भाजा. आणखी तीन दिवस आले. चल, बस आत."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं हात पदराला पुसला आणि मास्तरांपुढे पत्रासाठी धरला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "विसरले नाही, बाबा. योनाला माशानं बाहेर टाकलं, आत्याला तुम्ही उचलून आणलंत. वरच्या चित्रातला मात्र आपल्या पायांनी निघून जातो, म्हणून थडगं रिकामं. मी वरचं चित्र, हे तुम्हीच गावभर सांगितलंत ना? मग पत्र द्या, आणि जरा दारातून बाजूला व्हा."