न जोडलेला नकाशा

कुठल्याही मोकळ्या जागेवर गेले की काका आधी पोटावर आडवे व्हायचे. सत्तरी उलटलेला माणूस, इस्त्रीची पँट, आणि सरळ गवतात. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून पाहायचे. "उभं राहून सगळं सपाटच दिसते," म्हणायचे. "आधी खाली या न."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे काका म्हणतात आणि ज्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. आमचे काका डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत चाळीस वर्षं होते. आम्ही आयटीवाले व्हिसावर येऊ लागलो, तेव्हा ते रस्ते खात्यातून सर्व्हेयर म्हणून रिटायर होत होते. त्यांतल्याच फ्रिस्कोत घर घ्यायचं तर आमच्यातला प्रत्येक जण आधी काकांना जागा दाखवायचा. फी एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. माझं घर पाहून ते म्हणाले होते, "छान आहे. पाणी किचनमध्ये येईल." तरी मी ते घर घेतलं. पहिल्याच वादळात पाणी किचनमध्ये आलं. काका मॉप घेऊन आले आणि फरशी पुसायला लागले.

ते मूळचे अकोल्याकडचे. इथली काळी माती चिमटीत घेऊन म्हणायचे, "आमच्याकडचीच आहे." गाडीत शेजारी बसवलं की इतिहास सुरू. "अलाबामाची जमीन कापसानं खलास झाली, तसे हे मालक लोक पश्चिमेकडे निघाले. सामान गाड्यांत, आणि गुलाम गाड्यांच्या मागं पायी. नव्या मुलखात गुलाम न्यायचे की नाही, यावरून देशात भांडण पेटलं. मग युद्ध. इथला कापूस विलायतेला जाईना, तर इंग्रजांना वऱ्हाड आठवलं. माझा खापरपणजा इथल्या लढाईपायी तिकडं कापूस वेचत होता, बाप्पा! त्याला टेक्सास म्हणजे काय तेही माहीत नाही." आणि खो खो हसायचे.

आमच्या मंडळानं सभागृहासाठी सहा एकर जागा घेतली, तेव्हा मी सेक्रेटरी होतो. मोजणी अर्थातच काकांकडे. शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. मागच्या कोपऱ्यात सीडरची दोन झाडं होती. तिथं काका आडवे झाले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला वाटलं चक्कर आली. मी धावलो.

"इथं बस," ते हळू म्हणाले. "डोकं खाली कर. खळगे दिसतात?"

दिसले. माणसाच्या लांबीचे, सगळे पूर्व-पश्चिम. प्रत्येकाच्या दोन टोकांना एकेक ओबडधोबड दगड, गवतात बुडालेला. मधूनच आयरिसची रांग. घर नाही, विहीर नाही, आणि फुलं मात्र कुणीतरी लावलेली.

"सत्तावीस थडगी," काका म्हणाले. त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या होत्या. मी बूट घालूनच उभा होतो.

पुढचे तीन आठवडे ते काउंटीच्या जुन्या दप्तरात बसले. जागेच्या पहिल्या मालकाचं मृत्युपत्र सापडलं. मुलांमध्ये वाटणी केली होती: घोडे, बैल, नांगर, आणि त्याच ओळीत माणसं, नुसत्या पहिल्या नावानं. ती नावं घेऊन काका जवळच्या गावातल्या एका काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गेले आणि तिथल्या एका वृद्ध बाईंना शोधून जागेवर घेऊन आले. बाईंनी घडीची खुर्ची आणली होती. सीडरखाली बसून त्यांनी सगळी नावं मोठ्यानं वाचली. एका नावापाशी थांबल्या. त्यांच्या आजीनं सांगितलेलं ते नाव होतं. मग मला म्हणाल्या, "कागदपत्रांचं तू पाहतोस ना?"

मी "हो" म्हणालो.

अध्यक्षांच्या घरी मीटिंग झाली. अध्यक्ष डॉक्टर, जुने, शब्दाला वजन असलेले. ते म्हणाले, "काका, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपण तर बाहेरून आलेलो. आपला काय संबंध?"

"जागा आपण घेतली न. झाला संबंध," काका म्हणाले. "सभागृह पुढं सरकवा. तेवढा कोपरा सोडा."

"तिथे पार्किंग आहे. पार्किंग नसेल तर परमिट मिळत नाही."

कुणीतरी म्हणालं, उदकशांत करून घेऊ. दोघांनी माना डोलावल्या. काका हातातल्या चिवड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावात आमच्या लोकांचं मसणवट वेगळं होतं. नाल्यापलीकडं. तिथून रस्ता काढला. कोणाले विचारलं नाही. मी चौदा वर्षांचा होतो. माझ्या मायची जागा कोणती, ते मला आज सांगता येत नाही."

"आमच्या लोकांचं" हे दोन शब्द सगळ्यांनी ऐकले होते. इतक्या वर्षांत काकांचं आडनाव प्रत्येकानं मेंबरशिपच्या यादीत वाचलं होतं, पण ते कुणी असं कान देऊन ऐकलं नव्हतं. एका वहिनींनी त्यांच्यासाठी भरत असलेली डिश टेबलावर ठेवून दिली. तिथंच राहिली ती.

त्यानंतर विषय थडग्यांचा उरलाच नाही. ड्राइव्हवेवर गाडीत बसताना एक जण म्हणाला, "आत्ता कळलं, यार, एवढं का लावून धरलंय ते." बाकीचे हसले. मी किल्ली शोधत होतो, म्हणजे शोधण्याचं नाटक करत होतो. संक्रांतीला दरवर्षी काकूंकडून शंभर भाकऱ्या जायच्या. त्या वर्षी केटरर ठरला.

काकांनी मात्र नकाशा काढला. हातानं, शाईनं, एकेक दगड मोजून. माझ्या घरी येऊन तो मला दिला. "शहराच्या ऑफिसात अर्ज जाईल त्याले हा जोड. एकदा का नोंद झाली की मशीन लावता येणार नाही. मी स्वतः देऊ शकतो, पण मंडळानं द्यावा. आपण आपणहून सांगितलं असं होऊ दे."

मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "असू दे तुझ्याकडे. नंतर पाठवू." मी नकाशा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि अर्ज पाठवला. कुणी धमकी दिली नव्हती. माझं ग्रीन कार्ड अडणार नव्हतं. मला फक्त पुढच्या गणपतीत सगळ्यांमध्ये बसायचं होतं.

जमीन सपाट करायचं काम एका सोमवारी सुरू झालं आणि मंगळवारी संपलं. काका बाईंना घेऊन शहराच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस जागेवर आला, फिरला, म्हणाला, आता इथे काही दिसत नाही. खरंच दिसत नव्हतं. दगड ठेकेदारानं प्रवेशद्वाराशी फुलझाडांच्या वाफ्याला लावले होते. छान दिसतात, असं सगळे म्हणाले.

काकांनी मला फोन केला. "नकाशा जोडला होता न?"

"विसरलो, काका."

ते म्हणाले, "विसरला नाहीस." आणि फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे दोन वर्षांनी ते गेले. फ्यूनरल होममध्ये त्या चर्चमधले तीसेक लोक आले होते. त्यांनी गाणी म्हटली. काकू मधे बसल्या होत्या आणि वृद्ध बाई त्यांचा हात धरून होत्या. मंडळातून मी एकटा होतो. बाईंनी मला ओळखलं, आणि मान वळवली.

शोकठराव मीच लिहिला. "वास्तूच्या उभारणीत मोलाचं मार्गदर्शन" असं त्यात लिहिलं. सभागृहात सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग अध्यक्षांनी सुचवलं, लायब्ररीच्या खोलीला काकांचं नाव देऊ. टाळ्या पडल्या. घरच्यांची परवानगी घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी काकूंना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"द्या की," त्या म्हणाल्या. "पण आधी त्या लोकांची नावं लावा. मृत्युपत्रातली, सगळी. त्यांच्या खाली यांचं लावा. शेवटी."

मी म्हणालो, कळवतो. गाडी सभागृहामागच्या पार्किंगमध्येच उभी होती, त्याच कोपऱ्यात. तिथंच उभा राहून मी अध्यक्षांना फोन लावला आणि सांगितलं, "काकू नको म्हणतायत."