मावशीने झाकलेला डबा

महिनाभर उभी राहिलेली माझी जुनी मोटरसायकल आज सुरू होताच बंद पडली. कार्बोरेटरमधलं शिळं पेट्रोल सोडलं, त्या आंबूस वासाने कुंभवलीची घरमालकीण मावशी आठवली.

तेव्हा शाळा सोडून, घरापासून लांब, तिच्याकडे भाड्याने राहून मी कंपनीत नुकताच लागलो होतो. उशीर झाला तर काम जाईल, या धास्तीत होतो. मावशीने वारलेल्या नवऱ्याची मोटरसायकल काढून दिली. तीही अशीच बंद पडली.

"घाबरू नको रं. टाकीतलं जुनं पेट्रोल सोड, नवं घाल," म्हणत तिने खाली डबा धरला.

"हे ओतून टाकू?"

"नाय. आमच्या ह्यांनी भरलेलं पेट्रोल हाय ते." तिने डब्यावर झाकण ठेवलं.

मी वेळेत पोचलो, काम टिकलं. त्या डब्याचं तिने पुढे काय केलं, ते विचारायचं राहूनच गेलं.