अक्काची काश्मिरी कोंबडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बेळ्ळंदूरच्या आमच्या जुन्या घराच्या परसात माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, एक काश्मिरी कोंबडी पाळली होती. आता क्वचितच दिसणारी जुनी जात. अंगावर दाट पिसं, डोक्यावर पिसांचीच टोपी. कडाक्याच्या थंडीतही ती अंडी देई. ऊन मात्र तिला सोसत नसे.

एका उन्हाळ्यात अक्का डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. निघताना मला म्हणाली,

"तिला झाडाखालीच ठेव. तुझ्यासारखा एसी नाही तिला!"

"सरी, अक्का," मी कानडीत होकार दिला.

दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर होतो, आणि अंडं घालून ती ओरडायला लागली. थांबेचना. मी तिला पत्र्याच्या खोलीत कोंडलं. कॉल संपल्यावर जेवलो, झोपलो. संध्याकाळी दार उघडलं तर पंख पसरून, चोच वासून ती मरून पडलेली.

"काहीतरी रोग असावा," मी अक्काला म्हटलं.

"नाही रे, माझंच चुकलं. बर्फातला जीव मी या उन्हात आणला."

नंतर तिने कोंबडी पाळली नाही. रिकाम्या खुराड्यापाशी ती अजून थबकते आणि तेच म्हणते.

चूक तिची नव्हती, माझी होती. अक्काला हे सांगायचं देणं माझ्याकडून अजून बाकी आहे.