मास्तरांचा पार्ट

मखमलाबादच्या कुंदन ताजणेच्या घरात नाटकाचं खूळ कुठून शिरलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. बाप मोतीराम, आजा, चुलते, सगळे फुलांतले. शेवंती, गुलाब, दसऱ्याला झेंडू. अंधारात तोडा करायचा आणि उजाडता उजाडता पंचवटीतला फुलबाजार गाठायचा. कुंदनही तेच करायचा. पण संध्याकाळी हातपाय धुतले की तो मोटारसायकल काढून नाशकात जायचा, एका हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला. लग्नाआधीपासून जात होता, चाळिशी उलटली तरी जात होता. आजवर त्याने पोस्टमन केला, हवालदार केला, भाडं मागायला येणारा घरमालक केला. एका नाटकात तर अख्खा पहिला अंक मढं होऊन पडला होता, आणि घरी येऊन बायकोला, मनीषाला विचारलं होतं, "श्वास दिसत नव्हता ना माझा?"

यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी जे नाटक घेतलं, त्यात एक मास्तर होते. डोंगरातल्या शाळेचे. गावातली माणसं कामधंद्याला शहरात गेली, शाळेत एकही पोर उरलं नाही, तरी रोज जाऊन कुलूप काढणारे. शेवटच्या प्रवेशात ते रिकाम्या वर्गात हजेरी घेतात. नाटक बसवणारी स्नेहल पुण्याहून नाट्यशास्त्र शिकून आलेली, कुंदनपेक्षा बरीच लहान. पहिल्या वाचनाला ती म्हणाली, "मास्तर सध्या कुंदनदादा वाचतील."

त्यातल्या 'सध्या'कडे कुंदनचं लक्षच गेलं नाही.

त्याने वाचलं आणि सगळे गप्प झाले. स्नेहलचेही डोळे भरून आले. श्रावण गेला, गणपती गेले, मास्तर तोच वाचत राहिला. वाचता वाचता पाठ झाले. तोडा करताना, औषध फवारताना तोंडात मास्तरच. मनीषाने बचतगटातल्या बायकांना सांगून टाकलं, "यंदा यांना मेन काम आहे. आपण सगळ्याजणी जायचं बघायला."

एकदा तालमीत बोलता बोलता स्नेहल म्हणाली, "मला वाटतं, मास्तरांना मिशी नसावी." ती आपली मनाशी बोलल्यासारखी बोलली होती. कुंदन दुसऱ्याच दिवशी न्हाव्याकडे गेला.

त्यांच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात. मोतीराम ओट्यावर बसून दोऱ्याची गुंडाळी सोडवत होता. त्याने मुलाकडे पाहिलं आणि दोरा खाली ठेवला.

"कुंदन, मी मेलो का रं?"

"आण्णा, नाटकासाठी आहे. वाढेल परत."

"माझ्या जित्तेपणी पोरानं मिशी काढली. लय भारी नाटक हाय तुझं."

आई गोजराबाई मध्ये पडली, पण म्हातारा उठून आत गेला. त्या दिवसापासून तो कुंदनशी बोलेना. बाजारात तर आणखी तऱ्हा. ओळखीचे व्यापारी जवळ येऊन हळू आवाजात विचारायचे, "काय झालं होतं आण्णांना? आम्हाला कळवलं नाय." प्रत्येकाला समजावून सांगताना कुंदनचा जीव नकोसा व्हायचा. पण मनात म्हणायचा, रंगमंचावर बघतील तेव्हा कळेल.

तालमीत स्नेहलने त्याचं तोंड पाहिलं आणि ती हसली. "अरे! घाईच केलीत दादा." तेवढ्यावर खरं तर त्याने ओळखायला हवं होतं.

दसरा झाला आणि एके संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये खैरनार येऊन बसलेले दिसले. नाशिकचेच, पण बरीच वर्षं मुंबईत मालिकांमधून कामं केलेले, आता परत येऊन स्थायिक झालेले. कुंदनने वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं, तालीम बघायला आले असतील. स्नेहल त्याला चहाच्या निमित्ताने बाहेर घेऊन गेली.

"दादा, खैरनार सर हो म्हणाले. मी जूनपासून त्यांच्या मागे होते."

"कशाला हो म्हणाले?"

"मास्तरांना." तिने चहाचा कप नुसताच हातात धरला होता. "मी तुम्हाला आधी बोलायला हवं होतं. तुम्ही इतकं मनापासून वाचत होतात, माझ्या तोंडून निघेना. दादा, तुमचं पाठांतर पक्कं आहे. प्रॉम्प्टिंग कराल?"

"बरं," कुंदन म्हणाला. रागावायचं सुचलंच नाही. त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले, आत जाऊन खैरनारांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि त्या दिवशी प्रॉम्प्टिंग केलंही. पण त्या खुर्चीवर त्याला दुसऱ्या दिवशी जाववेना. शेतात कामं निघालीत, असा त्याने निरोप धाडला.

घरी त्याने सांगितलं नाही. बापाशी अबोला, त्यात मनीषाने गावभर केलेलं. कुठल्या तोंडाने सांगणार? रोजच्या वेळेला तो हातपाय धुवायचा, गाडी काढायचा आणि निमाणीच्या बसस्टँडवर जाऊन बाकावर बसायचा. बसगाड्या लागायच्या, सुटायच्या. पेठला जाणारी माणसं पिशव्या घेऊन धावायची. कुणी विचारलं, "कुठं जायचंय?" तर तो म्हणायचा, "कुणाची तरी वाट बघतोय." तालमीची वेळ संपली की घरी. मनीषा वाढता वाढता विचारायची, "कसं चाललंय?" तो म्हणायचा, "बसतंय हळूहळू."

प्रयोग जवळ आला तशी ती तिकिटांचं विचारू लागली. आमच्या अकराजणींचं एका ओळीत होईल का, म्हणाली. एका पहाटे दोघं शेवंतीचा तोडा करत होते. कुंदनने पाटी खाली ठेवली.

"मास्तर मी करत नाहीये. दुसऱ्याला दिलं."

मनीषाचे हात थांबले. "कधी?"

"दसऱ्यानंतर."

तिने हातातलं फूल पाटीत टाकलं. मग म्हणाली, "मग रोज जात कुठं होता?"

"निमाणीला. स्टँडवर बसायचो."

"स्टँडवर?" ती त्याच्याकडे वळली. "मी इथं मास्तरांचं विचारतेय, आणि तुम्ही मला रोज खोटं सांगताय? काम गेलं ते गेलं. पण मला नाही सांगावंसं वाटलं?"

त्याने खाली ठेवलेली पाटी उचलली. मनीषाने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा फुलं तोडू लागली. बायकांना तिनेच काय ते सांगितलं. काय सांगितलं हे त्याला कधी कळलं नाही. म्हाताऱ्याच्याही कानावर गेलं. जेवताना कितीतरी दिवसांनी तो बोलला, पण कुंदनकडे न बघता, गोजराबाईला. "मिशीबी गेली अन् पार्टबी गेला." गोजराबाई म्हणाली, "गप जेवा." हसलं कुणीच नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी संस्थेतून फोन आला. कुंदनने तो पहिल्याच रिंगला उचलला. कुणी आजारी पडलं असेल, ऐनवेळी आपल्याला बोलवतील. फोन नटराजाच्या पूजेच्या हारासाठी होता. "दरवर्षी तुमच्याकडूनच येतो ना दादा." त्याने मोठा हार केला, शेवंतीचा, मध्ये गुलाब घालून. कालिदास नाट्यगृहात नेऊन दिला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

खैरनार वाईट काम करतील, अशी त्याची आशा होती. त्याने ती स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती. पण तो माणूस रंगमंचावर आला आणि अर्ध्या तासात कुंदन खैरनारांना विसरला. शेवटी हजेरी आली. कुंदन एकेक नाव घेताना आवाज कापरा करायचा, रडवून सोडायचा. खैरनारांनी तसलं काही केलं नाही. नाव घ्यायचं आणि थांबायचं. पोरगं खरंच 'हजर' म्हणेल म्हणून वाट बघायची. एका नावाला तर ते रागावून चष्म्यावरून बघत राहिले, जणू ते पोरगं मागच्या बाकावर खोड्या करतंय. नाट्यगृहात खोकण्याचाही आवाज नव्हता. कुंदनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं मास्तरांसाठी किती अन् स्वतःसाठी किती, हे त्याला सांगता आलं नसतं. अन्याय झाला, असं म्हणायचीही आता सोय राहिली नव्हती.

घरी मनीषा जागी होती. "कसा केला त्यांनी?"

"माझ्यापेक्षा बरा."

"मला काय कळणार? मी तुमचा बघितलाच नाही." मग म्हणाली, "दाखवा ना. हजेरीचं तेवढं."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. पहिलं नाव घेतलं आणि थांबला, खैरनार थांबले होते तितकाच. दुसरं नाव घेतलं, पुन्हा तसंच. आपलं आपलं म्हणून जे होतं ते त्याने आठवून पाहिलं, तर सापडेना. तो खाली बसला. "राहू दे," म्हणाला. मनीषाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दिवा मालवला.

नाटक प्राथमिक फेरीत दुसरं आलं. खैरनारांना अभिनयाचं पदक मिळालं. त्या उन्हाळ्यात कुंदन तालमीच्या हॉलकडे फिरकला नाही. म्हाताऱ्याचा अबोला थोडा थोडा सुटला, म्हणजे पाण्याच्या पाळीपुरता, औषधाच्या नावापुरता. संध्याकाळ मात्र कुंदनला खायला उठायची. तो ओट्यावर नुसता बसून राहायचा, आणि मनीषा काही काम सांगून त्याला उठवायची.

जूनमध्ये स्नेहलचा मेसेज आला, नवं नाटक घेतोय, रविवारी वाचन. त्याने तो दोनदा वाचून ठेवून दिला. रविवारी दुपारपर्यंत जायचं नाही असंच ठरलं होतं. मग गेला.

रात्री जेवताना मनीषाने विचारलं, "काय काम आहे?"

"वकिलाचा कारकून. फाईल घेऊन आत येतो."

"करणार?"

"करेन की," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.