राजसी, जेवायला चल

संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली म्हणून मी गॅस बंद करायला उठले, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"कबीर, जेवायला चल."

मी सांडशी हातात धरून तशीच उभी राहिले. पलीकडच्या घरात कबीर नावाचं कोणी नाही. कबीरच काय, दुसरं कोणीच नाही. तिथं शिवकन्या एकटी राहते. दोन घरांमध्ये खांद्याएवढी भिंत, त्यामुळे तिच्या घरी कोण आलं, कोण गेलं, हे मला न विचारता कळतं. वाटलं, आला असेल कोणी पाहुण्याचा पोरगा. दुसऱ्या दिवशी विहानला जेवायला बोलावलं. तिसऱ्या दिवशी आर्यमनला, आणि मग एकदम मायराला.

मला मुळातच आवाजाचा तिटकारा. समोर जिनिंगवर कापसाच्या गाड्या, मागे रेल्वे, आणि त्यात ही. चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी सरळ तिच्या दारात जाऊन विचारलं, की बाई, हे काय चालवलंयस.

ती लाजली. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण लाजली ती अगदी सोळा वर्षांच्या पोरीसारखी. म्हणाली, "काकू, अंगदच्या घरी पाळणा हलणार हाय ना. नाव मला ठेवायचंय. तेच बघून राह्यले."

शिवकन्येचं घर मूळचं जांब समर्थच्या बाजूचं, शेतीवाडीचं. धाकट्या अंगदच्या शिक्षणासाठी वडिलांनी परतूरला हे दोन खोल्यांचं घर घेतलं. वडील लवकर गेले आणि आईला लकवा झाला. शिवकन्येला स्थळं यायची, पण आईला कोण बघणार हा प्रश्न सुटेपर्यंत स्थळंच यायची थांबली. अंगद शिकला, पुण्याला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, आई गेली, आणि घरात शिवकन्या उरली. यात कोणाचा दोष नव्हता असं सगळे म्हणतात. मीही म्हणते, पण म्हणताना राग येतो.

ती इथल्या एका इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीवर ताई आहे. सकाळी गाडी दारोदार थांबते. ही गाडीच्या दारात उभी राहून पोरांना हाका मारते, दप्तरासकट उचलून आत घेते, नाकं पुसते, भांडणं सोडवते. दुपारी तीच पोरं परत घरोघर उतरवते. दिवसभर तिच्या तोंडी दुसऱ्यांच्या लेकरांची नावं.

अंगद आणि त्याची बायको प्रियदर्शनी यांनी मुलासाठी किती तरी वर्षं वाट पाहिली होती. त्यामुळे बातमी आली तेव्हा शिवकन्येनं गल्लीत पेढे वाटले, माझ्याकडे तर दोनदा आणून दिले. अंगद फोनवर म्हणाला होता, "अक्का, आता तू आत्या होणार. नाव तुलाच ठेवायचंय." बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, तो आत्याचा मान. अंगद तेवढंच बोलला असणार. हिनं ऐकलं ते असं, की नाव निवडायचंही आपणच.

तिचंही चुकलं म्हणता येत नाही. हिचं स्वतःचं नाव हिच्या चांगुणा आत्यानं ठेवलेलं. गावात तेव्हा सगळ्या शेवंता, मथुरा आणि कौसल्या. आत्या वडीगोद्रीहून बारशाला निघाली, आपली भाची चारचौघींत उठून दिसावी म्हणून एसटीत बसल्या बसल्या नाव ठरवलं, आणि आईबापाला न विचारता पोरीच्या कानात सांगून मोकळी झाली. घरच्यांना गावाबरोबरच कळलं. अंगदचं नावही तिनंच ठेवलं. शिवकन्येच्या लेखी बारसं म्हणजे हे असं.

"पण हाका कशाला मारतेस?" मी विचारलं.

"लिहून भारी दिसलं तर काय उपेग, काकू? नावानं हाक मारावी लागती. मी रोज बघते ना. एखादं नाव गाडीतून घेतलं की पोरगं बराबर मान वळवतं. एखाद्याला दहादा बोंबलावं लागतं." मग म्हणाली, "आणि पुण्यात मोठमोठ्या घरची माणसं येतील. नाव ऐकून त्यांना वाटलं पाह्यजे, पोरीची न्हाई तर पोराची, आत्या काही अडाणी न्हाई."

मुलगा की मुलगी हे कळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दोन्हीकडची नावं चालू राहिली. नाव कसं पाहिजे, तर पुण्यात शोभेल असं, तोऱ्याचं, पण जिभेला त्रास न देणारं. हळूहळू मीही त्यात ओढली गेले. तिचं म्हणणं, हाक मारणाऱ्याला स्वतःची हाक नीट ऐकू येत नाही, कोणी तरी लांब उभं राहून ऐकली पाहिजे. मग मी संध्याकाळी आमच्या अंगणात तुळशीपाशी उभी राहायची आणि ती तिच्या मागच्या दारातून हाक मारायची. पहिल्याच दिवशी मी सवयीनं "ओ" म्हणून गेले, तर भिंतीवरून डोकं वर आलं.

"ओ देऊ नका, काकू. ओ लेकराची हाय."

मी निमूट ऐकायला लागले. एक नाव मला औषधाच्या गोळीचं वाटलं, एक फरशीच्या कंपनीचं. मी तसं सांगायची, ती हसायची आणि नाव टाकून द्यायची. हे गेल्यापासून माझ्या घरात संध्याकाळी बोलायला टीव्ही तेवढा असतो. आमची जान्हवी बेंगळुरूला, तिचा फोन रविवारी. त्यामुळे मला या खेळाची वाट बघायची सवय लागली, हे कबूल करायला काही हरकत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला राधेश्याम शिवकन्येला विचारायचा, ताई, आज कोणाला जेवायला बोलावलं? एकदा त्याच्याच दुकानात कोणी तरी म्हणालं, एकटं राहून राहून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिथंच त्या माणसाची अशी हजेरी घेतली, की तो साखर न घेताच गेला.

मुलगी झाली. पोरांची नावं एका दिवसात गळाली. पोरींच्या नावांतली काही गाडीतल्या पोरींचीच निघाली, तीही गेली. आणि एका संध्याकाळी मी तुळशीपाशी उभी असताना पलीकडून आलं, "राजसी, जेवायला चल."

मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, हेच. इस्त्री केलेल्या फ्रॉकसारखं नाव होतं ते. तोरा होता, पण नाक वर केलेलं नव्हतं. ती म्हणाली, मलाबी तेच वाटून राह्यलं.

नावं बदलत होती तोवर तो खेळ होता. एकच नाव राहिल्यावर पलीकडे खरंच कोणी राहायला आल्यासारखं वाटू लागलं. रोज संध्याकाळी हाक यायची. कधी त्यापुढे "पाय धुऊन ये" असायचं, कधी "भाजी गार होऊन राह्यली." मी ऐकायची आणि ओ द्यायची नाही.

मी तिला एकदा म्हटलं, अंगदला फोन करून नाव सांगून तरी ठेव. ती म्हणाली, आधीच सांगितलं तर कानात काय सांगायचं? अंगदनंही विचारलं नाही. तो त्याच्या कामात, बायकोच्या पथ्यपाण्यात. आईच्या दोन मऊ सुती साड्यांचं हिनं दुपटं शिवलं आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नाव भरलं. राजसी. अक्षरं जरा वाकडी आली, म्हणून उसवून पुन्हा भरली.

बारशाला ती रेल्वेनं पुण्याला गेली. नवी साडी, दुपट्याची पिशवी, डब्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. मी स्टेशनपर्यंत गेले होते. गाडी हलली तरी तिचं हसू थांबत नव्हतं.

परत आली ते मला तिच्या नळाच्या आवाजावरून कळलं. संध्याकाळ झाली, माझा कुकर झाला, हाक काही आली नाही. मी वाट पाहिली आणि मग गेले. ती ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, बसा काकू, लई छान झालं बारसं. आणि मग मेथीकडे बघतच सगळं सांगितलं.

मोठा हॉल होता. दारात फुग्यांची कमान आणि तिच्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत एका बाळाचं नाव. वियाना. ते वाचून शिवकन्येला वाटलं, आपण चुकीच्या हॉलवर आलो, हे दुसऱ्या कोणाचं तरी बारसं. तिनं वॉचमनला विचारलं, अंगद पाटलांच्या मुलीचं बारसं कुठं आहे? तो म्हणाला, हेच. तिला पटेना. ती पिशवी घेऊन हॉलच्या मागच्या बाजूला दुसरं दार शोधत फिरली. शेवटी अंगदच शोधत आला. म्हणाला, अक्का, इकडं कुठं फिरतेस, सगळे तुझ्यासाठी थांबलेत.

प्रियदर्शनीनं मिठी मारली. ती वाईट पोरगी नाही, मीही तिला ओळखते. तिनं विचारलं, अक्का, नाव कसं वाटलं? कोणा नावं काढून देणाऱ्या बाईकडून काढून घेतलं होतं, बाळाच्या जन्मतारखेवरून. शिवकन्या म्हणाली, लई भारी हाय. मग हात धुवायला म्हणून गेली, आणि बेसिनपाशी उभं राहून दुपट्यावरचा लाल दोरा दातानं तोडून उसवला. सुईची भोकं राहिली, पण ती कोणाच्या लक्षात आली नाहीत.

"मंग मला पाळण्यापाशी बोलावलं," ती म्हणाली. "सगळीकडं फोटोवाले. लेकरू जागं होतं. मी वाकले."

मी विचारलं, "कानात काय सांगितलंस?"

"काय सांगणार. वियाना."

"तुझं का नाही सांगितलंस? कोणाला ऐकू येणार होतं?"

"लेकराला आलं असतं ना," ती म्हणाली. "लेकरू त्यांचं हाय, काकू. पहिल्याच दिवशी त्याच्या कानात खोटं कसं सांगावं?"

पुण्याच्या त्या हॉलचा, फुग्यांचा आणि त्या नाव काढून देणाऱ्या बाईचा मला संताप आला होता, पण हे ऐकून तो कुठं ठेवावा ते कळेना. तिनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली आणि म्हणाली, "एक मात्र राहिलं. नाव सांगितल्यावर बाया आत्याच्या पाठीत धपाटे मारतात ना. चांगुणा आत्याची पाठ लाल झाल्ती, आई सांगायची. मी वाकून थांबले. लई येळ थांबले. कोणी मारलेच न्हाईत. सगळ्याजणी केकपाशी गेल्त्या."

मी उठले आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. इतका, की माझा हात झणझणला. ती मेथीच्या ढिगावर वाकली आणि रडायला लागली. खूप रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मग उरलेली मेथी मीच निवडली.

त्यानंतर भिंतीपलीकडे शांतता झाली. सकाळी पिवळी गाडी यायची, ती जायची, दुपारी परत यायची. अंगद बाळाचे व्हिडिओ पाठवायचा, ते ती मला कौतुकानं दाखवायची, आणि "वियाना" इतक्या सहज म्हणायची, की नाव तिनंच ठेवलंय असं वाटावं. एकदाही तक्रार नाही. संध्याकाळी मात्र तिच्या घरात एक दिवा लागायचा, एक ताट वाजायचं आणि थोड्या वेळानं दिवा जायचा. मला आवाजाचा तिटकारा आहे असं मी वर म्हटलंय. ती शांतता मला त्याहून वाईट गेली. मी टीव्हीचा आवाज वाढवला, पण कान भिंतीकडेच असायचे. रात्रीची भाजी उरली की सकाळी तीच खायची आणि सकाळची रात्री, असं माझं चाललं होतं. एका माणसाचा स्वयंपाक नेमका कधी जमतच नाही.

थंडी पडायला लागली होती. एका संध्याकाळी मी अंगणातले वाळत घातलेले कपडे काढत होते आणि पलीकडचं मागचं दार वाजलं. मग हाक आली, अगदी हळू. कोणाला ऐकू जावी म्हणून मारलेली नव्हती ती.

"राजसी, जेवायला चल."

मी कपडे हातात घेऊन थांबले. गाडीवरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारणारी बाई, तिच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पलीकडे ती दारातच उभी होती, दार लावल्याचा आवाज आला नव्हता. एवढे महिने मी तिथं उभी राहून ऐकलं होतं आणि तिनं सांगितलं तसं गप्प राहिले होते. ओ लेकराची होती, आणि लेकरू पुण्यात दुसऱ्या नावाला ओ द्यायला शिकणार होतं.

"आले गं," मी म्हटलं.

पलीकडे काहीच हललं नाही. मला वाटलं, चुकलं आपलं. तरी मी कपडे दोरीवर टाकले, वाटीत घरची डाळ घेतली, दाराला कडी घातली आणि पुढून वळसा घालून तिच्याकडे गेले. भिंतीवरून जायचं माझं वय राहिलेलं नाही.

ओट्याजवळ दोन ताटं मांडली होती. दुसऱ्या ताटातलं पाणी तिनं पदरानं पुसलं, माझ्या हातातली वाटी घेतली आणि वर न बघता म्हणाली,

"कधीची हाका मारून राह्यले. ऐकू येत न्हाई का तुला?"