यमुनाजिजीचं समाधान

यमुनाजिजी लोणी विकायला दारात आली की आधी भाव सांगायची नाही, आधी हात पुढे करायला लावायची. डब्यातलं बोटभर लोणी गिऱ्हाइकाच्या मनगटाच्या मागच्या बाजूला फासायची आणि म्हणायची, "आधी वास ल्या भाऊ, मग बोला." मी पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा माझ्या अंगावर ऑफिसचे कपडे होते आणि बाहीला लोणी लागलं होतं. दिवसभर ऑफिसात लोक माझ्या जवळ येऊन थांबत होते. माझ्या कामावर खूश होऊन कोणी इतकं जवळ आल्याचं मला आठवत नाही.

सिल्वासात टोकरखाड्याला आमची सोसायटी. आम्ही मूळचे राजापूरकडचे. मी इथल्या एका सरकारी ऑफिसात कारकून म्हणून आलो आणि वीस वर्षांत फक्त टेबल बदललं. जिजी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडची. तिचे मालक, म्हणजे आमचे नाना, धाग्याच्या कारखान्यात वॉचमन. किलवणीला एका वारली कुटुंबाच्या जागेत दोन खोल्या भाड्याने घेऊन हे दोघं राहायचे आणि शेजारच्या गोठ्यात तिच्या तीन म्हशी. बोलणं अहिराणी, पण त्यात कारखान्यातलं हिंदी आणि बाजारातलं गुजराती असं मिसळलेलं की माझी बायको मंगल म्हणायची, "जिजीचं बोलणं म्हणजे मिसळ, फक्त तिखट जरा जास्त."

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मंगलने लोणी परत केलं. हे आमच्या घराच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं, कारण मंगल दुकानात बदलून मागायलाही मला पाठवते. "जिजी, तेलाचा वास येतोय," ती म्हणाली. जिजीने डब्यात नाक घातलं, वर काढलं आणि आमच्या स्वयंपाकघराकडे बघितलं. "तुमन्या फ्रीजमधे काय मरेल शे का?"

पुढचे पंधरा दिवस तिने सगळ्यांना आरोपी केलं. आधी आमचा फ्रीज. मग नाना, कारण ते गोठ्याजवळ बिडी ओढायचे. मग डबे घासायची पावडर, मग पेंड. मीही माझ्या परीने शास्त्रीय सल्ला दिला: डबा प्लास्टिकचा आहे, स्टीलचा घ्या. तिने स्टीलचा घेतला. वास तसाच, लोणी पुन्हा परत. "भाऊ, तुमनं डोकं सरकारी शे," ती म्हणाली, "डबा बदलस, आतलं पाहत नही."

आणि मग एक दिवस सकाळी ती तीन वाट्या घेऊन आली. तिन्हींवर पळसाचं पान बांधलेलं. एकाच गोळ्याचं लोणी तिने तीन ठिकाणी उघडं ठेवलं होतं: एक वाटी दूर रांधा गावात बहिणीच्या घरी, दुसरी तिच्या गोठ्यात आणि तिसरी तिच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तेलाच्या कारखान्याच्या कुंपणाशी. तेल म्हणजे खायचं नव्हे. गाड्यांमधून काढलेलं जळकं इंजिन ऑइल ड्रमांमधून यायचं, तिथे शिजवून गाळून पुन्हा विकण्याजोगं व्हायचं आणि उरलेला काळा गाळ मागच्या खड्ड्यात जायचा. पावसाळ्यात खड्डा भरला की ओढ्यात.

"लोणी वास धरस," जिजी म्हणाली. "मन्ही माय कांद्याजवळ लोणी ठेवू देत नव्हती. डोळे मिटा, मंगलताई."

मंगलने डोळे मिटून तिन्ही वाट्या हुंगल्या. पहिलीला म्हणाली, लोणी. दुसरीला म्हणाली, हेच परत केलं होतं. तिसरीला तिने नाक दाबलं आणि खिडकीकडे गेली. जिजी माझ्याकडे वळली. "ल्या आता, लिहा."

लिहायचं काम माझं, हे कधी ठरलं ते मला ठाऊक नाही; पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं. अर्ज हा माझा प्रांत. "उपरोक्त विषयास अनुसरून" असं लिहिलं की माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. मी दीड पान लिहिलं, त्यात "दुर्गंधी" हा शब्द चार वेळा चार निरनिराळ्या विशेषणांसह आला. जिजीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "खाली नाव कोणाचं?"

"तुमचं. मी सरकारी नोकर ना, मला सही करता येत नाही. नियम आहे."

"वास घेता येस ना? का त्यालेबी नियम शे?"

मी हसलो. तीही हसली. सही तिने केली, जोडाक्षरं सावकाश जोडत. असे सात अर्ज झाले. सातही माझ्या शैलीचे नमुने होते आणि सातांखाली सही तिची.

प्रदूषण बघणारे साहेब दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा येण्याआधी कारखान्याला पत्र आलं होतं, त्यामुळे त्या दिवशी धुराडं थंड, खड्ड्यावर नवी माती आणि फाटकाशी झेंडूच्या कुंड्या. साहेब चांगले होते, त्यांनी नाक वर करून खरोखर हुंगलं. "वास नाही," ते म्हणाले. जिजी म्हणाली, "पावना येणार म्हटलं का कोणबी आंगण झाडस, साहेब. न सांगता या." साहेब म्हणाले की न सांगता येण्याची प्रक्रिया वेगळी असते. तिने पदराखालून वाटी काढली. त्यांनी ती घेतली नाही; लोणी हा हवेचा नमुना होऊ शकत नाही, असं त्यांनी समजावलं. त्यासाठी यंत्र लागतं, यंत्र वापीहून येतं आणि यंत्र बिघडलेलं होतं.

"मन्हं यंत्र चालू शे ना," जिजी नाकावर बोट ठेवून म्हणाली. साहेबांच्या ड्रायव्हरला हसू आलं आणि त्याने आरसा पुसत ते लपवलं.

ओढ्यात डुंबून आलेल्या म्हशी उन्हात चमकायच्या. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे असायचे आणि तेच अंगावर यायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला जिजी सांगायची, "मन्या म्हशी पाह्या का? शहरातल्या बायांसारख्या तेल लावून येतस." पण घरी आल्यावर तासभर त्यांना हापशाच्या पाण्याने धुवायची. आमच्या सोसायटीत तिची अकरा घरं होती. हळूहळू एकेकाने पाकिटातलं लोणी सुरू केलं. कोणी तिला तोंडावर सांगितलं नाही. "सध्या डाएटवर आहोत" म्हणाले. अख्खी सोसायटी एकदम डाएटवर गेली आणि कोणी बारीक झालं नाही.

मग कळलं की कारखान्याला दुप्पट व्हायचंय. शेजारची जमीन घेतली, दुसरं धुराडं येणार. त्याआधी जनसुनावणी. नोटीस मी जिजीला वाचून दाखवली. "म्हणजे आपलं ऐकतीन?" तिने विचारलं. मी म्हणालो, कायद्यानेच ऐकावं लागतं. माझ्या आयुष्यात मी इतक्या खात्रीने बोललेली वाक्यं थोडी आहेत आणि ती सगळीच चुकलेली आहेत.

जिजी आठ दिवस पाड्यापाड्यांवर फिरली. वारली बायका, धाग्याच्या कारखान्यातल्या मुली, वीटभट्ट्यांवर काम करणारी माणसं. "तुमना हापसाबी तेलकट होईन, मग माले सांगू नका," असं दम देऊन बोलावत होती. माझ्याकडे तिने एवढंच मागितलं: "भाऊ, उठून एक सांगा. आमी लोणी परत केलं, कारण वास होता. बस. तुम्ही शिकेल मानूस, तुमनं ऐकतीन."

मी हो म्हणालो.

सुनावणीला मोठा मांडव होता. कारखान्याच्या बसमधून आलेली माणसं पुढच्या खुर्च्यांवर, प्रत्येकाच्या हातात फरसाणाचं पाकीट. पडद्यावर झाडांची चित्रं. मग बोलायची वेळ आली तेव्हा जिजी माईकशी गेली, माईक बाजूला केला, कारण तिला त्याची गरज नव्हती, आणि वाटी घेऊन थेट मंचापाशी. "साहेब, हे मन्ह्या गोठ्यातलं. पोळीले लावा अन् खा. तुम्ही खाल्लं तर मी घरी जास, काही बोलत नही."

अध्यक्ष साहेब हसून म्हणाले, "ताई, तुमच्या भावना समजतात."

"भावना नही, लोणी शे."

मागे हशा झाला, टाळ्याही झाल्या. मग साहेबांनी विचारलं, हे तुमचं एकटीचं म्हणणं आहे की आणखी कुणाचा अनुभव आहे? जिजीने वळून माझ्याकडे बोट केलं. "ते भाऊ सांगतीन."

मंचावर उजव्या बाजूला तिसऱ्या खुर्चीत माझ्या खात्याचे मोठे साहेब बसले होते. त्यांनीही पाहिलं. मी खाली वाकलो आणि चपलेची नाडी बांधू लागलो. माझ्या चपलेला नाडी नसते.

ही हकीकत मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा माझ्या आवृत्तीत मी उठतच होतो, घसा खाकरत होतो. मंगल स्वयंपाकघरातून ओरडते, "खाकरत नव्हतास, वाकला होतास." उठली ती मंगल. पदर खोचून म्हणाली, "आम्ही दोनदा परत केलं लोणी. तेलाचा वास होता. आणि हल्ली तो आमच्या गॅलरीत पण येतो." तीन वाक्यं. घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली, पण खांद्यावर हात ठेवला नाही. गतिरोधकावरही नाही.

दीड महिन्याने सुनावणीचं इतिवृत्त आलं. माझ्याच ओळखीने मी प्रत मिळवली, म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटावं. अनेक पानं रोजगार आणि झाडांबद्दल होती. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ सापडली. तिचा अर्थ असा: एका महिलेने लोण्याविषयी प्रश्न विचारला, तिचे समाधान करण्यात आले.

जिजीला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळणार होतो. पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "खालचं काय शे?" वाचलं. मग तिने शांतपणे विचारलं, "कोनी केलं? मन्हं समाधान झालं अन् मालेच मालूम नही?"

त्यानंतर दर सोमवारी जिजी प्रदूषणवाल्या साहेबांच्या कचेरीत जाऊ लागली. घोषणा नाहीत, फलक नाही. ज्याच्या टेबलापाशी रिकामी खुर्ची दिसेल तिथे जायची आणि विचारायची, "मन्हं समाधान तुम्ही केलं का? नही? मग कोनी? त्या मानसाले पाह्यनं शे माले." पहिल्या सोमवारी लोक हसले. दुसऱ्या सोमवारी चहा दिला. चौथ्या सोमवारी एका भल्या कारकुनाने दारातच सांगितलं, "माजी, वो साहब की बदली हो गई." जिजी म्हणाली, "तेस्नी बदली झाली, मन्हं समाधान तर इथंच शे ना? फाइलमधी? दाखवा." मी एकदा तिला बाहेर भेटलो आणि म्हणालो, जिजी, यातून काही निष्पन्न होणार नाही. "तुमनं नाडी बांधनं झालं का?" तिने विचारलं. तेवढं एकदाच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुसरं धुराडं उभं राहिलं. म्हशींचं दूध आटलं नाही, गिऱ्हाईक आटलं. नाना निवृत्त झाले तेव्हा तिने म्हशी विकल्या. ट्रक आला त्या दिवशी मी आणि मंगल किलवणीला गेलो होतो. सगळ्यात थोरली म्हैस फळीवर पाय ठेवीना. व्यापाऱ्याने काठी उचलली तशी जिजी ओरडली, "हात लावू नको! तिले समजावनं पडस." तिने म्हशीच्या कानाशी काहीतरी बोलून तिला वर चढवलं. काय बोललीस, मंगलने विचारलं. जिजी म्हणाली, "सांगं, तिकडं पानी चांगलं शे. खोटं बोलनू. कोठलं पानी, माले काय मालूम."

ती साक्रीला गेली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, तुमनं अक्षर चांगलं शे." याला मी अजून काय म्हणायचं ते ठरवू शकलेलो नाही.

गेल्या महिन्यात तिच्या सातव्या अर्जाचं उत्तर आमच्या पत्त्यावर आलं, कारण टपालासाठी पत्ता मी आमचा दिला होता. अर्जदार सदर क्षेत्रात वास्तव्यास नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी तिला फोन केला. तिकडे कोंबड्या ओरडत होत्या. ऐकून ती हसली, खूप वेळ, खोकला येईपर्यंत. मग म्हणाली, "म्हणजे मी आली म्हणून वास व्हता, मी गई अन् वास गया. बरं झालं. तुमाले येस का आते वास?"

"येतो, जिजी. सकाळी जास्त."

"मग?" ती म्हणाली, आणि कोंबड्यांना हाकलायला गेली. फोन तसाच चालू राहिला.

आठवा अर्ज मी एका ओळीत लिहिला. एकही विशेषण नाही. खाली माझं नाव, हुद्दा, पत्ता. रजा टाकून जिजीच्या त्याच कचेरीत गेलो आणि रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या तरुणाने अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं आणि विचारलं, "अंकल, आपकी भैंस है?"

"नाही."

"खेती?"

"नाही."

"तो फिर आपका नुकसान क्या हुआ?"

"मी इथे राहतो," मी म्हणालो. "श्वास घेतो."

त्याने संगणकावर खालीवर बघितलं. वाईट वागला नाही. खरंच शोधत होता. "ऐसा कॉलम नहीं है, अंकल," तो म्हणाला आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्याच्याकडे सरकवला. तो पुन्हा माझ्याकडे आला. मागे रांग वाढत होती. मला खाली वाकावंसं फार वाटत होतं.

मागचा माणूस म्हणाला, "काका, सरका ना बाजूला."

मी सरकलो नाही.