तुला सवय असेल

मोठ्या सिस्टरांनी माझ्या हातात संडास घासायचा ब्रश दिला आणि म्हणाल्या, "तुला सवय असेल."

वॉर्डात आम्ही बत्तीस बायका होतो. सिस्टरांच्या हातात एक कागद होता. त्यावर माझं आडनाव होतं, कॉलनीचं नाव होतं. त्यांनी कागद वाचला, मग सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाकी कोणाकडे बघितलंसुद्धा नाही.

मला सवय नव्हती. माझी आजी दुसऱ्यांच्या गल्ल्या झाडायची. तिने खराटा टाकला, तो आमच्या घरात परत कोणी उचलला नाही. वडील महापालिकेत कारकून होते. मी आयटीआय केलं होतं. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत सहा वर्षं टेस्टिंगच्या टेबलवर होते. इलेक्ट्रिक पॅनल तपासायचं, पास की रिजेक्ट ते ठरवायचं आणि खाली सही करायची. माझी सही असल्याशिवाय माल गेटबाहेर जायचा नाही.

हे सगळं मला सिस्टरांना सांगायचं होतं. पण गोळ्यांनी जीभ जड झाली होती. शब्द तोंडात यायचे आणि तिथेच विरघळायचे. मी ब्रश घेतला. आठ संडास होते. आठही घासले.

दुसऱ्या दिवशी कोणी काही सांगितलं नाही. मी स्वतः जाऊन ब्रश उचलला. त्याची लाज मला आजही वाटते. घासल्याची नाही. न सांगता उचलल्याची.

मी आजारी होते, हे मी नाकारत नाही. वडील गेले आणि माझी झोप गेली. दिवसभर कानात कोणीतरी बोलायचं. आधी वडिलांचा आवाज होता, मग अनोळखी आवाज झाले. एक दिवस मी टेस्टिंग टेबल सोडायलाच तयार होईना. सगळा माल खराब आहे, याने माणसं मरतील, असं ओरडत राहिले. सुपरवायझरने दादाला फोन केला. दादा माझा मोठा भाऊ. तो रिक्षा करून आला, मला जवळ घेतलं, म्हणाला, "चल, घरी जाऊ." रिक्षा घरी गेली नाही. शहराबाहेरच्या एका ट्रस्टच्या मनोरुग्णालयात गेली.

दादाने सह्या केल्या. माझ्याकडे बघितलं नाही. तो गेल्यावर माझा ड्रेस काढून घेतला, हिरवा गाऊन दिला. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. दोन आयांनी खांदे दाबून धरले आणि तिसरीने केसांवरून मशीन फिरवलं. मी म्हणाले, "उवा नाहीत हो माझ्या डोक्यात, बघा तरी." आया म्हणाली, "इथे वेणी कोणाला दाखवायची आहे?"

तेव्हा भिकाबाई भेटली. साठीची असेल. नामपूरकडची. बोलणं अहिराणी. माझ्या उघड्या डोक्यावर तिने स्वतःचा टॉवेल बांधला, कडेने नीट खोचला आणि म्हणाली, "रडू नको माय, केसं येतीन परत."

भिकाबाईला काही झालेलं नव्हतं. म्हणजे कधीकाळी झालं होतं. नवरा गेल्यावर तिने बोलणं टाकलं होतं, जेवण टाकलं होतं. दिराने आणून सोडलं. काही महिन्यांत ती बरी झाली. न्यायला कोणी आलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली होती. दिवसभर ती स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडायची. सगळ्या हॉस्पिटलचे तांदूळ. त्याला तिथे उपचार म्हणायचे. माझ्या संडासांनाही उपचारच म्हणायचे.

तांदूळ निवडता निवडता ती मला गाव सांगायची. कांदा मार्केटचा वास, घरामागचं बोरीचं झाड, मोसम नदी. रोज तेच, त्याच क्रमाने. एखादी गोष्ट विसरली तर मागे जाऊन पहिल्यापासून सुरू करायची. एकदा म्हणाली, "तू बाहेर गई का मना घर सांगजो, मी बरी शे."

मंगळवारी डॉक्टर यायचे. आम्हाला रांगेत उभं करायचे. "झोप येते? भूक लागते?" एवढंच विचारायचे, उत्तर यायच्या आत पुढच्या बाईकडे वळायचे. एका मंगळवारी मी सगळी ताकद गोळा केली आणि म्हणाले, "सर, भिकाबाई बरी आहे. तिला घरी पाठवा." डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. मग सिस्टरांना इंग्रजीत सांगितलं, हिचा डोस वाढवा. मला इंग्रजी समजतं, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

चार महिन्यांनी दादा न्यायला आला. गेटवर माझं डोकं बघून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, "ते म्हणाले होते, भेटायला आलात तर पेशंट बिघडतो. म्हणून आलो नाही." तोही फसला होता. पण रोज संध्याकाळी मी त्या गेटकडे तोंड करून बसायचे, हे त्याला कसं सांगणार?

कंपनीने परत घेतलं. टेस्टिंगला नाही, पॅकिंगला. सुपरवायझर म्हणाला, "सहीचं काम तुला आता नको." माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. मी खोके चिकटवायला लागले. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, घ्यायच्या, गप्प राहायचं. मला वाटायचं, झालं ते आजारातच झालं. ताप आला की अंग दुखतं, तसं डोकं बिघडलं की केस कापतात, संडास घासायला लावतात.

दवाखान्याच्या रांगेत एकदा एक वकील मॅडम पुस्तिका वाटत होत्या. मानसिक आरोग्याचा कायदा, सोप्या मराठीत. बसची वाट बघता बघता मी ती उघडली. लिहिलं होतं, रुग्णाचं डोकं सक्तीने भादरता येणार नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. फोनचा हक्क आहे, भेटीचा हक्क आहे. सक्तीने काम करून घेता येणार नाही आणि काम केलं तर त्याचा मोबदला द्यावा लागेल. बऱ्या झालेल्या माणसाला घर नाही म्हणून कोंडून ठेवता येणार नाही.

माझी बस आली आणि गेली. दुसरीही गेली. मी तिथेच बसून होते.

माझ्यावर झालं तो आजार नव्हता. तो गुन्हा होता. आणि मी अंगणात त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा हा कायदा होता. हे शब्द होते. ते कोणी मला वाचून दाखवले नव्हते.

मी आधी नामपूरला गेले. भिकाबाईने सांगितलेलं घर सापडलं. मागे बोरीचं झाड होतं. दीर वारला होता, त्याचा मुलगा ओट्यावर बसला होता. चांगला वाटला. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणाले, "तुमच्या काकूंनी निरोप दिलाय. त्या बऱ्या आहेत."

त्याने आधी रस्त्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, इथे तिचं दहावं झालंय. वडिलांनी गावाला सांगितलं होतं, दवाखान्यात वारली म्हणून. आता मी काय सांगू लोकांना?"

चहा आला. मला तो पिता आला नाही.

नाशिकला आल्यावर वकील मॅडमकडे गेले. आम्ही दोन अर्ज केले. कायद्याने मानसिक रुग्णांसाठी एक मंडळ नेमलेलं असतं, त्याच्याकडे. एक भिकाबाईला सोडण्याचा. दुसरा वॉर्डातल्या केसांचा, कपड्यांचा, संडासांचा, फोनचा. मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव नाही घातलं तरी चालेल." मी नाव घातलं. पत्ता घातला.

आठवड्याभरात हॉस्पिटलमधून फोन आला. मला नाही, दादाला. दादा संध्याकाळी माझ्या घरी आला. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभा राहून विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

मी म्हणाले, "घेते."

"ते म्हणतात, बहिणीला आवरा. ही परत आजाराची लक्षणं आहेत. पुन्हा ॲडमिट करावं लागेल."

दादा मला घाबरवत नव्हता. तो स्वतः घाबरला होता. पण मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी रडले तर लक्षण. चिडले तर लक्षण. गप्प बसले तर बरी. माझा राग खरा की आजार, हे आता कायमचं दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने ठरणार होतं.

मी म्हणाले, "दादा, सकाळची गोळी घेतली. आणि अर्जही मीच केलाय. दोन्ही शुद्धीत."

त्याच रात्री नाही, चार दिवस विचार करून मी आणखी एक कागद भरला. कायद्यात सोय आहे. मी पुन्हा आजारी पडले तर माझ्या वतीने कोणी बोलायचं, ते मी आधीच लिहून ठेवू शकते. मी पॅकिंगमधल्या मैत्रिणीचं नाव लिहिलं. कागद दादाला वाचायला दिला. त्याने कागद दोनदा वाचला. आपलं नाव शोधत होता. मग घडी घालून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मी वाईट केलं नव्हतं गं." मी म्हणाले, "माहीत आहे." कागद बदलला नाही. त्या दिवसानंतर तो माझ्याकडे कमी येतो. हे दुखणं कुठल्या गोळीने जात नाही.

मंडळाची माणसं चौकशीला हॉस्पिटलमध्येच आली. हॉस्पिटलचे वकील म्हणाले, "अर्जदार स्वतः मनोरुग्ण होत्या. त्यांना भास व्हायचे. त्यांच्या सांगण्यावर किती विसंबायचं?"

मी उभी राहिले. म्हणाले, "तिसऱ्या संडासाला आतून कडी नाही. पाचव्याची फरशी मधोमध फुटलेली आहे, ब्रश तिथे अडकतो. सातव्याच्या नळाला पाणी येत नाही, सहाव्यातून बादली न्यावी लागते. आता जाऊन बघा."

मंडळातल्या एक बाई उठल्या आणि खरंच बघायला गेल्या. परत येऊन त्यांनी मान डोलावली, तेव्हा हॉस्पिटलचे वकील खाली बसले.

मग भिकाबाईला आणलं. मला बघून तिने ओळख दिली, हसली. अध्यक्षांनी हळू विचारलं, "आजी, तुम्हाला इथून जायचंय ना? सोय करतो आम्ही. घरी नाही तर दुसरीकडे, मोकळ्या जागी."

भिकाबाईने दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं, रस्ता होता, एक ट्रॅक्टर चालला होता. त्या आवाजाने तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणाली, "आते कोठे जाऊ साहेब? तठे मनं कोन शे? आठेच बरं शे."

मी तिला नामपूरचं काही सांगितलं नव्हतं. तिला आधीच ठाऊक होतं की काय, मला माहीत नाही.

आदेश झाला. आता कोणाचं डोकं सक्तीने भादरत नाहीत. ज्यांना हवे त्यांना स्वतःचे कपडे मिळतात. संडासाला माणूस ठेवलाय. वॉर्डात फोन बसवला. माझा नंबर मी भिकाबाईकडून पाठ करून घेतला. तिने अजून एकदाही लावलेला नाही.

वकील मॅडम म्हणतात, आपण जिंकलो. मी नाही म्हणत. भिकाबाईला जायचं होतं, तेव्हा कोणी विचारलं नाही. विचारलं तेव्हा तिच्यातलं जाणं संपलं होतं. ते कोणी संपवलं, ते आदेशात लिहिलेलं नाही.

वॉर्डात घोटीकडची एक मुलगी आहे. सहा महिने झालेत. बरी आहे. घरचे फोन उचलत नाहीत. मी भिकाबाईला भेटायला गेले की ती गेटपर्यंत माझ्यासोबत येते आणि रस्त्याकडे बघत राहते. अजून बघते.

सोमवारी तिचा अर्ज देणार आहे. त्यावर माझं नाव आहे, नावाखाली लिहिलंय, याच वॉर्डातली माजी रुग्ण. तिच्यानंतर जिच्या घरचं कोणी येत नाही, तिचा. मग पुढचीचा. हॉस्पिटलमधून परत दादाला फोन जाईल. जाऊ दे.